नागपूर ते राजनांदगाव

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा मामेभाऊ. नात्यातली मंडळी ओळखतीलच. रिटायर झाल्यापासून तो आजीच्या माहेरची वंशावळ तयार करतोय. जुने कागद, पत्रिका, लग्नपत्रिकांच्या मागे लिहिलेले पत्ते असं सगळं गोळा करून त्याचं काम बरंच पुढे गेलंय. म्हणाला, "अगं, एका ठिकाणी अडलोय. मधल्या काकांचं काय करायचं?"

मधले काका म्हणजे आजीचे काका. आजीच्या वडिलांनी हाताने लिहिलेली एक वंशावळ मामाकडे आहे. तीन भाऊ, तीन रेघा. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या रेघेखाली पोरंबाळं, नातवंडं अशी दाटी झालेली. मधली रेघ मात्र इंचभर खाली येऊन थांबलेली, आणि तिच्याशेजारी नंतर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द: "पाद्री".

बस, एवढंच. आमच्या लहानपणी हा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली करायची. आम्हाला कळलेलं इतकंच, की ते मेथॉडिस्ट झाले, यवतमाळकडच्या खेड्यांत पाद्री म्हणून राहिले आणि घरच्यांनी त्यांच्या नावाने आंघोळ केली.

मी मामाला म्हटलं, थोडे दिवस दे. मग कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. तुम्ही म्हणाल, आपल्या मधल्या काकांचा आणि टिळकांचा काय संबंध? नात्याचा काहीच नाही. पण ज्या गोष्टीवर आमच्या घरात कुणी एक ओळ लिहिली नाही, तीच गोष्ट दुसऱ्या एका घरातल्या बाईने चार भागांत लिहून ठेवली आहे. आणि त्या गोष्टीतलं महत्त्वाचं वळण आपल्या नागपूरच्या रेल्वेत आहे, त्यात एक मेथॉडिस्ट पाद्रीही आहे.

नागपुरात पाद्री म्हटलं की आपल्याला आठवतो तो स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली आलेला हा स्कॉटिश मिशनरी १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. शहरातला पाद्री असा शाळा-कॉलेजामुळे लोकांच्या लक्षात राहतो. खेड्यातल्या पाद्र्याच्या मागे तसं काही उरत नाही.

आता टिळकांकडे येते. नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. वडील कडक स्वभावाचे, आई लहानपणीच गेली. नाशिकला संस्कृत शिकले, कविता करू लागले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं, तीच लक्ष्मीबाई. टिळक एका जागी टिकणारे नव्हतेच. आज इथे मास्तर, उद्या तिथे कीर्तन, परवा कुणाला न सांगता निघून गेले! हातात आलेला पैसा समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे. संसार बायकोने कसा करायचा हा प्रश्न त्यांना फारसा पडत नसावा.

१८९१ च्या सुमाराला ते नागपूरला आले. इथले श्रीमंत गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं होतं. या काळात टिळकांच्या डोक्यात धर्माचा विचार घोळत होता. जातिभेद नसलेला, सगळ्या माणसांना एका पंगतीत बसवणारा धर्म कसा असावा याची जुळवाजुळव ते मनाशी करत होते. नागपूरचं काम सुटलं आणि १८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानात पोटापाण्याची सोय पाहायला ते निघाले.

हा रेल्वेमार्ग आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे. माझ्या नणंदेचं सासर राजनांदगावचं, त्यामुळे मी कितीदा तरी गेले असेन. कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, आमगाव, सालेकसा... मग दरेकसाचं जंगल आणि बोगदा, डोंगरगडची बमलेश्वरीची टेकडी, आणि राजनांदगाव. अंतर दीडशे मैलांच्या आसपास. १८८२ मध्ये इथवर मीटर गेजची गाडी पोचली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिने हा मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला. म्हणजे टिळक निघाले तेव्हा ब्रॉडगेजला जेमतेम पाच वर्षं झाली होती.

डब्यात एक गोरा माणूस होता. त्या काळी गोरा साहेब डब्यात असला की आपल्या माणसाला अंग चोरून बसायची सवय असे. पण हा माणूस अदबीने बोलला. बोलणं संस्कृत काव्यावर गेलं, मग धर्मावर. उतरण्याआधी त्याने टिळकांना 'नवा करार' दिला, मनापासून वाचायला आणि प्रार्थना करायला सांगितलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणून गेला. टिळकांना ते काही पटलं नव्हतं. पण शब्द दिला म्हणून त्यांनी वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. तिथून पुढे पुस्तक खाली ठेवता आलं नाही.

तो गोरा माणूस म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथॉडिस्ट चर्चचा मिशनरी.

हे 'फ्री मेथॉडिस्ट' काय प्रकरण आहे ते मला आधी मुळीच माहीत नव्हतं. मेथॉडिस्ट पंथाची सुरुवात अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीपासून झाली. देवळाबाहेर, खाणीच्या तोंडाशी, शेताच्या बांधावर, जिथे माणसं भेटतील तिथे जाऊन बोलायचं अशी त्यांची रीत. अमेरिकेत त्यांचे उपदेशक घोड्यावरून गावोगाव फिरत. पुढे पंथ वाढला, श्रीमंत झाला, आणि चर्चमधली बाकं पैसेवाल्यांना भाड्याने देऊ लागला. पुढची बाकं शेठ लोकांची, गरिबांनी मागे उभं राहायचं! गुलामगिरीच्या प्रश्नावरही धड भूमिका घेतली जाईना. तेव्हा १८६० मध्ये काही जण वेगळे झाले. बाकं सगळ्यांना मोकळी आणि गुलामगिरीला विरोध, या दोन गोष्टींवरून त्यांनी नाव घेतलं 'फ्री'.

हे वाचलं तेव्हा मला राहून राहून तो रेल्वेचा डबाच डोळ्यांसमोर आला. बाकावर कुणी बसायचं या भांडणातून निघालेल्या पंथाचा माणूस, आणि कोणत्या पंगतीत कुणी बसायचं या प्रश्नाने झोप उडालेला आपला कवी. दोघं समोरासमोर बसले.

अर्नेस्ट आणि त्यांची पत्नी फीबी १८८० च्या अखेरीस अमेरिकेतून निघाले आणि जानेवारी १८८१ मध्ये मुंबईला पोचले. त्यांच्या चर्चतर्फे हिंदुस्थानात आलेलं हे पहिलं जोडपं. ठरावीक पगाराची हमी मागे नव्हती. आधी बऱ्हाणपूर, मग एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर, आणि नव्वदच्या दशकात राजनांदगावची बाजू. नकाशावर ही गावं जोडून बघा, सातपुड्याच्या पायथ्याने आडवी रेघ निघते. फीबीबाई या देशातच राबल्या आणि १९१० साली गेल्या. त्यांच्या चर्चने पुढे यवतमाळला मुख्य ठाणं केलं. तिथेच १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. यवतमाळची जुनी माणसं अजून त्या आवाराला सेमिनरीच म्हणतात.

खेड्यातल्या पाद्र्याचा दिनक्रम काय असे? पाऊस संपला, रस्ते वाळले की बैलगाडीत तंबू, भांडी, पुस्तकांच्या पेट्या भरून दौऱ्यावर निघायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभं राहून बोलायचं, शुभवर्तमानाच्या छोट्या प्रती अगदी किरकोळ किमतीला विकायच्या. पाद्र्याची बायको घराघरांत जाऊन बायकांशी बोलायची, पोरांच्या डोळ्यांत औषध घालायची. मेथॉडिस्टांची आणखी एक पद्धत म्हणजे नेमणूक कायमची नसते. वार्षिक परिषद भरते, बिशप नावं वाचून दाखवतो आणि पाळक सांगितलेल्या गावी जातो. त्यामुळे पाद्र्याच्या मुलांना 'आपलं गाव कोणतं' याचं उत्तर पटकन देता येत नाही.

आणि हे पाद्री कुणाचे होते? विदर्भातल्या खेड्यांत जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे लोक. एखादा ब्राह्मण पाद्री झाला तर त्याची मंडळी म्हणजे हीच. त्यांच्याच घरात जेवायचं, त्यांच्याच विहिरीचं पाणी प्यायचं. मला वाटतं, आपल्या घरांना देव बदलल्याचा जितका धक्का बसला, त्याहून मोठा धक्का हा पाण्याचा होता.

इथे लक्ष्मीबाई येतात.

'स्मृतिचित्रे' सुरू होतं ते त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. अशा घरातली मुलगी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, वॉर्डनी सांगितलेल्या दोन वर्षांच्या आतबाहेर. बायकोला विचारलं नव्हतं. सव्वीस वर्षांची बाई, पदरात लहानगा दत्तू, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पुढली साडेचार वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पंढरपूरलाही काही काळ होत्या.

त्या परत नवऱ्याकडे गेल्या ते धर्म पटला म्हणून नव्हे. नवरा हवा होता, मुलाला बाप हवा होता. नगरला गेल्यावर त्यांनी आपली चूल, आपलं सोवळं वेगळं ठेवलं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. मग हळूहळू बाई स्वतःशीच विचार करत गेल्या. सगळ्यात आधी त्यांनी काय सोडलं? जात. देवाचं काय ते ठरायच्या आधी पाण्याचं ठरलं. आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने.

हे सगळं त्या इतक्या हसतखेळत सांगतात की वाचताना आपणही हसतो, आणि चार पानं पुढे गेल्यावर आपण कशाला हसलो ते लक्षात येऊन गप्प होतो. नवऱ्याची थट्टा आहे, स्वतःची तर त्याहून जास्त आहे. त्याच नगरच्या घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले, प्लेगच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत अनाथ पोरं आली, सगळ्यांच्या पोटाची काळजी बाईंनी केली. टिळक 'ज्ञानोदय'चं संपादन करत होते, भजनं लिहीत होते, टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन करत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. रेल्वेतल्या त्या पाद्र्यासारखेच शेवटी तेही हमीच्या पगाराशिवाय उभे राहिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले.

त्यांच्या मागे 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. टिळकांनी दहा-अकरा अध्याय लिहिले होते. लग्न झालं तेव्हा जेमतेम अक्षरओळखही नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून जास्त अध्याय लिहिले. दत्तू म्हणजे देवदत्त, त्यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आईने दिलेल्या आठवणींचंच पुस्तक झालं. १९३४ ते १९३६ या काळात चार भाग निघाले आणि २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. पुढे नातू अशोक टिळक यांनी संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे आजोबांचा धर्म, आजीचं लिहिणं आणि नातवाची निगराणी. वंशावळ म्हणायची ती ही!

गंमत बघा. वॉर्ड घराण्यातही असंच झालं. अर्नेस्ट आणि फीबीचं चरित्र लिहिलं ते त्यांची मुलगी एथेल वॉर्ड हिने. 'ऑर्डर्ड स्टेप्स' हे तिचं पुस्तक १९५१ मध्ये निघालं. एका डब्यात समोरासमोर बसलेले दोन पुरुष, आणि दोघांनाही आपण ओळखतो ते घरातल्या बायकांनी लिहिलं म्हणून. बाजारात उभं राहून बोलणाऱ्याचा आवाज त्याच दिवशी विरून जातो. घरात चुलीपाशी कोण होतं, कोण उपाशी निजलं, कोण दारात वाट बघत बसलं, हे जिने पाहिलं तिने लिहिलं तरच राहतं.

आणखी एक गोष्ट मला नागपूरकर म्हणून फार आवडते. १९३३ मध्ये मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन नागपूरला भरलं, त्याच्या अध्यक्षा होत्या लक्ष्मीबाई टिळक. चाळीस वर्षांपूर्वी ज्या गावाहून नवरा राजनांदगावच्या गाडीत बसला आणि त्यांचा संसार रुळावरून घसरला, त्याच गावात त्या अध्यक्ष म्हणून आल्या. स्टेशनावर उतरताना त्यांच्या मनात काय आलं असेल? मी तिथून जाते तेव्हा हे हमखास मनात येतं.

आणि ते पुस्तक? तेही फिरून विदर्भात आलंच म्हणायचं. टिळकांची भजनं आज सगळ्या मराठी चर्चमध्ये गातात, त्यांचा पंथ कोणता का असेना. एका मेथॉडिस्टाने मराठी कवीला दिलेली गोष्ट मराठी चालीत परत मेथॉडिस्टांच्याच बाकांपर्यंत पोचली. मधल्या काकांनीही ती गायली असणार. आमच्या घराण्यात गळा चांगला आहे.

पुस्तक संपवलं आणि आईला फोन केला. विचारलं, "मधल्या काकांच्या बायकोचं काय झालं?"

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मधली काकू ना? ती वाड्यातच राहिली. मोठा स्वयंपाक तिच्याकडे होता. आजी सांगायची, लोणची तिच्यासारखी कुणाची होत नसत."

"आणि कुंकू?"

"लावायची. शेवटपर्यंत."

तिथे मला खाली बसावं लागलं. घराने ज्याच्या नावाने आंघोळ केली, त्याची बायको रोज सकाळी त्याच घरात कुंकू लावून सगळ्यांना जेवायला वाढत होती. तिला कुणी विचारलं नसेल. तिने कुणाला सांगितलं नसेल. लक्ष्मीबाईंना निदान साडेचार वर्षांनी परतीची वाट होती, आणि पुढे लिहायला शिकवणारा नवरा होता. हिला यवतमाळची बस होती का? होती, तर तिकिटाचे पैसे कुणाकडे मागायचे होते? आजी सांगायची म्हणे, की एकदा कुणी पाद्री वाड्यासमोरच्या रस्त्याने सायकलवरून गेला आणि काकूने हातातलं पीठ तसंच ठेवून खिडकी गाठली. ते काका होते की दुसरंच कुणी, ते आजीलाही कळलं नव्हतं.

मला मधल्या काकांचा राग यावा की अभिमान वाटावा, हे अजून ठरवता येत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसांच्या पंगतीला जाऊन बसायला छाती लागते, आणि ती त्या काळात आमच्या घराण्यात फक्त त्यांना होती. पण ज्या बाईशी लग्न केलं तिच्याशी न बोलता हे करायला काय लागतं, ते मला माहीत नाही. टिळकांबद्दलही मला असंच वाटतं, आणि तरी त्यांची कविता वाचताना डोळे भरून येतात. दोन्ही खरं आहे. असो.

मामाला परवा फोन केला. म्हटलं, रेघ पुढे ने. पाद्री हा शब्द पेन्सिलीतून शाईत घाल आणि त्यांचं पूर्ण नाव लिही. त्यांची नेमणूक झालेली गावं यवतमाळच्या चर्चच्या जुन्या नोंदींत सापडतात का ते मी जाऊन बघते. आणि त्यांच्या नावाशेजारी काकूचं नाव घाल.

मामा म्हणाला, "बरोबर आहे तुझं. सांग, काय लिहू?"

आम्ही दोघंही थांबलो. 'मधली काकू' याखेरीज आमच्याकडे तिचं नाव नाही.

तेव्हा नात्यातल्या मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे जुन्या ट्रंका असतील, देव्हाऱ्याखालच्या फळीवर भांडी असतील. त्या काळी बायकांची नावं भांड्यांवर घालायची पद्धत होती. जरा पालथी घालून बघा, आणि काही दिसलं तर मामाला किंवा मला कळवा. तोवर मामाने वंशावळीत तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.